चिकटपट्टीची लिफ्ट

आमच्या ऑफिसातल्या त्या माणसाला मी चिकटपट्टी म्हणते. तोंडावर नाही. तोंडावर मी त्याला अहोजाहो करते, कारण तो माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे आणि मला घरून तशी सवय लागलेली आहे. पण नाव मीच ठेवलंय, आणि आता अर्धं ऑफिस तेच वापरतं.

त्याच्या चष्म्याची डावी काडी चिकटपट्टीने गुंडाळलेली आहे. पट्टी मळून काळी झाली की तिच्यावर दुसरी पट्टी, असं करत करत ती काडी बोटाएवढी जाड झाली आहे आणि कानामागे कायमचा चिकट डाग पडला आहे. शर्टाचं तुटलेलं बटण स्टेपलरच्या पिनेने लावलेलं असतं. की-बोर्डवरचं एक बटण निघून पडलं, तिथे त्याने खोडरबराचा तुकडा बसवला. जेवलेल्या बोटांनी दाबून दाबून त्या तुकड्याचं जे काही झालं आहे, ते मी सांगत नाही. त्याच्या टेबलापाशी काही समजून घ्यायला जायचं तर मी आधी रुमाल काढते. माझी आई म्हणते, तुला नको तिथे नको ते दिसतं. दिसतं खरं, पण मी टेस्टर आहे, चुका शोधायचाच मला पगार मिळतो.

एकदा तो आजारी होता तेव्हा त्याचा लॅपटॉप पोचवायला मी त्याच्या घरी गेले होते. बेल नव्हती. दाराशेजारी दोन उघड्या तारा लोंबत होत्या, त्या एकमेकींना टेकवल्या की आत घंटी वाजायची. नळाला चिंधी बांधलेली. फ्रिजचं दार मिटत नव्हतं म्हणून त्याच्यासमोर खुर्ची सरकवून ठेवलेली, आणि पाणी हवं असेल तर प्रत्येकाने ती खुर्ची हलवायची. त्याची बायको मला पाणी देताना म्हणाली, "आमच्याकडे काही दुरुस्त होत नाही हो. फक्त चालू होतं."

त्याची आई पलंगावर बसली होती. गुडघे सुजलेले, बाजूला काठी. त्या मात्र लेकाच्या कौतुकाने हसल्या. "लहानपणापासून असाच आहे तो. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं ना, की हा शाळेतून आल्यावर काटे हातानेच फिरवून ठेवायचा. मी आपली समजायचे, चालू आहे."

आईच्या गुडघ्यांवर शेकायची रबरी पिशवी होती. ती नवीकोरी होती. त्या घरात पट्टी, चिंधी किंवा रबर न लागलेली तेवढी एकच वस्तू मला दिसली.

आता आमच्या कामाबद्दल. आमची कंपनी लिफ्टचा मेंदू बनवते. मेंदू म्हणजे एक पेटी, तिच्यात एक छोटा कॉम्प्युटर, आणि त्यात चालणारा आमचा प्रोग्रॅम. लिफ्ट कुठे आहे हे त्याला दोन ठिकाणांहून कळतं. दोराबरोबर फिरणारं एक चाक असतं, ते किती फिरलं त्यावरून एक आकडा येतो. भिंतीवर मजल्यामजल्याला खुणा असतात, त्यांच्यावरून दुसरा. दोन्ही आकडे जुळले तर ठीक. जुळले नाहीत तर प्रोग्रॅम थांबतो, लिफ्टही थांबते, आणि माणसाला बोलवावं लागतं. यात हुशारी काही नाही. आपण कुठे आहोत हेच ठाऊक नसेल तर हलू नये, एवढी अक्कल वाट चुकलेल्या लहान मुलालाही असते.

आमचं ऑफिस चौथ्या मजल्यावर आहे आणि त्या इमारतीची लिफ्ट आमचीच, गिऱ्हाइकाला दाखवायला. ती सारखी थांबायची. एका बाळंतपणाच्या हॉस्पिटलला त्यांच्या नव्या इमारतीसाठी आमच्या लिफ्ट हव्या होत्या, पण त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं की तुमच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट न थांबता चालताना दाखवा, मग बोलू. साहेब रोज डोकं धरून बसायचे. शेवटी त्यांनी ते काम चिकटपट्टीकडे दिलं.

चिकटपट्टी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन बसला. आठवडाभर तो तिथेच जेवला, तिथेच चहा प्याला. आणि मग लिफ्ट थांबायची थांबली. साहेबांनी सगळ्यांना बोलावून त्याची पाठ थोपटली. त्या दिवसापासून तो साहेबांच्या गळ्यातला ताईत झाला. कोणी विचारलं, काय दोष होता हो, तर तो चष्मा वर सरकवून म्हणायचा, "होतं किरकोळ. केलं चालू."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी चहावाल्या मावशी पडल्या. त्या खालच्या टपरीवरून किटली घेऊन यायच्या. चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, आणि बाहेरची फरशी लिफ्टच्या तळापेक्षा वीतभर वर होती. मावशींचा पाय ठेचकाळला, किटली कलंडली आणि उकळता चहा पायावर. त्यांची किंकाळी ऐकून आम्ही धावलो. साहेब केबिनच्या दारातूनच म्हणाले, "बघून चालता येत नाही का?" चिकटपट्टी मात्र पळत मेडिकलमध्ये गेला, मलम घेऊन आला आणि मावशींच्या पायाशी बसून स्वतःच्या हाताने ते लावलं. सगळ्यांना वाटलं, काय चांगला माणूस आहे. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. मलम लावता लावता तो म्हणाला, "मावशी, उतरताना खाली बघत जा बरं का."

तो स्वतः तेव्हा जिन्याने यायचा. पोट सुटलेलं, दुसऱ्या मजल्यावरच धाप लागायची, चौथ्यावर पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला. डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणायचा. साहेबांनी मीटिंगमध्ये त्याचं उदाहरण दिलं. "यांचं वय बघा आणि उत्साह बघा. नाहीतर तुम्ही तरुण पोरं." मी लाजेकाजेस्तव दोन दिवस जिना चढले, तिसऱ्या दिवशी पुन्हा लिफ्टने गेले.

मला खटकत होतं ते वेगळंच. लिफ्टमधला तोच प्रोग्रॅम, तशाच पेटीत, मी माझ्या टेबलावर चालवत होते. लिफ्टच्या चाकाचे आणि खुणांचे आकडे रोज त्याला भरवत होते. टेबलावर तो थांबायचा. पूर्वी जितका थांबायचा तितकाच, आणि थांबणं बरोबरच होतं, कारण आकडे जुळत नव्हते. मग वरचा का थांबत नाही?

एका दुपारी मी मशीनच्या खोलीची किल्ली मागून घेतली आणि वर गेले. दार उघडलं तर आधी वासच अंगावर आला. कबुतरांची घाण, शिळं वंगण, आणि कोपऱ्यात चिकटपट्टीचे चहाचे कप, प्रत्येकाच्या तळाशी वाळलेली साय आणि तीत चिकटलेल्या मुंग्या. पेटीचं झाकण अर्थातच पट्टीने लावलेलं. मी तोंडावर ओढणी बांधली, पेटीला लॅपटॉप जोडला आणि आत काय काय चाललंय ते बघितलं. आमचा प्रोग्रॅम चालू होता. आणि त्याच्या मानगुटीवर डीबगर बसला होता.

डीबगर हे चूक शोधायचं हत्यार आहे. चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवायचा, त्याच्या पोटात कुठले आकडे आहेत ते बघायचे, वाटलं तर एखादा आकडा बदलायचा आणि पुन्हा सोडायचा, हे सगळं त्याने करता येतं. एरवी आपण त्याच्यासमोर बसून एकेक कमांड टाइप करतो. थांब, दाखव, बदल, पुढे चल. पण त्याच कमांड पायथन नावाच्या भाषेत लिहिलेल्या कोडमधूनही देता येतात. एका फंक्शनच्या हातात कमांडचं वाक्य ठेवायचं, की डीबगर ते आपण टाइप केल्यासारखं निमूट पाळतो. मी स्वतः हे रोज वापरते. प्रोग्रॅम शंभरदा थांबणार असेल तर शंभरदा मी तिथे बसून राहत नाही. माझा पायथन डीबगरला विचारतो, उत्तरं गोळा करतो, आणि मी ती सकाळी वाचते. फार गुणाची गोष्ट आहे ती. पण ती तपासणीच्या टेबलावर वापरायची असते. माणसं वाहून नेणाऱ्या लिफ्टमध्ये डीबगर कायमचा बसवून ठेवलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

मी त्याची फाइल उघडली. एवढीशी होती. प्रोग्रॅम आकडे जुळत नाहीत म्हणून थांबला, की पायथन जागा होणार. पहिली कमांड, भिंतीच्या खुणेचा आकडा पूस आणि तिथे चाकाचा आकडा लिही. म्हणजे आता दोन्ही जुळले. दुसरी कमांड, ती तपासणी गाळून पुढच्या ओळीवर जा. तिसरी कमांड, चल. पापणी लवायच्या आत सगळं उरकत होतं. लिफ्टमधल्या माणसाला फार तर हलकासा हिसका जाणवत असेल. लिफ्ट वीतभर खाली असली तरी प्रोग्रॅमला खात्री, की आपण मजल्यावर आहोत.

तरी मी इथवर निव्वळ चिडले होते. शिसारी आली ती पुढे. पायथनमधून कमांड देताना डीबगरचं उत्तर पडद्यावर दाखवू नको, मला मजकूर म्हणून परत दे, असं सांगायची सोय असते. ती असते उत्तर साठवता यावं म्हणून. चिकटपट्टीने प्रत्येक कमांडला ते सांगितलं होतं, आणि परत आलेला मजकूर कुठेही ठेवला नव्हता. एका ओळीत घ्यायचा, पुढच्या ओळीत टाकून द्यायचा. ते यंत्र दर वेळी सांगत होतं की मी कुठे आहे मला कळत नाही, आणि हा माणूस दर वेळी त्याचं तोंड दाबत होता. मी बाहेर गच्चीवर येऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्याला गाठलं. "अहो, वरती डीबगर लावून ठेवलाय तुम्ही."

"ते होय!" तो हसला. त्याला जरासुद्धा धक्का बसला नाही. "तात्पुरतं आहे ताई ते."

"काढणार कधी?"

"काढलं की थांबेल ना लिफ्ट."

"थांबायलाच हवी! मावशींचा पाय भाजला त्याने."

"मग मलम लावलं की मी," तो म्हणाला. मनापासून म्हणाला, हे सगळ्यात वाईट. "आणि ताई, चालतंय ना? एवढे दिवस चालतंय. तुम्हाला चाललेलं बघवत नाही."

"उत्तरं तरी ठेवायची होती. कधी थांबली, कुठे थांबली, आकडे काय होते."

"काय करायची ठेवून? रोज आपलं तेच ते." त्याने डब्याला रबर लावलं आणि बोटं पँटला पुसली.

मी साहेबांकडे गेले. लॅपटॉप उघडून दाखवला. साहेबांनी ती फाइल वाचली, त्यांना ती समजली, हेही मी बघितलं. मग त्यांनी लॅपटॉप हळूच मिटला. "हॉस्पिटलवाल्यांची पाहणी होऊ दे. मग सावकाश काढू."

"साहेब, तिथे अवघडलेल्या बायका असणार आहेत. स्ट्रेचर असणार आहेत. चाकं अडकतील, कोणी पडेल."

"तिथे बसवेपर्यंत करू ना आपण दुरुस्त."

"कोण करणार? हे चालतंय म्हटल्यावर कोण हात लावणार आहे?"

साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी म्हटलं, हॉस्पिटलला द्यायच्या चाचणीच्या अहवालावर माझी सही मिळणार नाही. ते म्हणाले, मग दुसऱ्या कोणाची घेऊ. एवढ्या थंडपणे म्हणाले की माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याच क्षणी ठरवलं, की पाहणीला जो कोणी येईल त्याला सगळ्यांसमोर सांगायचं. नोकरी गेली तर गेली.

पाहणीच्या दिवशी साहेबांनी तळमजल्यावर खुर्च्या मांडल्या. त्यांना चिकटपट्टीचं कौतुक इतकं, की त्यांनी परस्पर त्याच्या आईलाही बोलावणं पाठवलं होतं. लेकाचं कौतुक आईने बघायला नको का, म्हणे. आई रिक्षातून उतरल्या. ठेवणीतली साडी, केसांना तेल, हातात काठी. त्यांनी मला ओळखलं. "तू ती लॅपटॉपवाली ना ग?" म्हणाल्या, आणि माझा हात धरून लिफ्टच्या दाराकडे बघत राहिल्या. "हीच का ती? आमच्या ह्यानं केलेली?"

हॉस्पिटलच्या इंजिनिअर बाई आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या. मी तोंडात वाक्य घोळवत होते. तेवढ्यात लिफ्ट आली. साहेबांनी बाईंना आत नेलं, आमच्या हिशेबनीस काकांना आत घेतलं, आणि आईंना हाक मारली. "या, आई, या. पहिला मान तुमचा. तुमच्या लेकाची लिफ्ट आहे." आईंनी माझा हात सोडला, काठी सावरली आणि एक पाय उचलला.

चिकटपट्टी तेव्हा जिन्यावरून उतरत होता. आईला बोलावलंय हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. शेवटच्या वळणावर त्याला ती दिसली आणि तो ओरडला.

"आई! तू नको!"

आईंचा पाय तसाच हवेत. तो दोन दोन पायऱ्या टाकत खाली आला आणि त्याने त्यांचं मनगट धरून मागे ओढलं. त्याचा चेहरा घामाने निथळत होता.

"अरे, का?" आई म्हणाल्या.

"तुझे गुडघे आहेत ना. जिन्याने बरं तुला."

"गुडघे आहेत म्हणूनच तर लिफ्ट ना रे?"

साहेब मोठ्याने हसले. "गंमत करतोय हो तो." दुसरं कोणीही हसलं नाही. हिशेबनीस काका आधी बाहेर आले, खाली मान घालून, उंबरठा नीट बघत. मग इंजिनिअर बाई बाहेर आल्या आणि चिकटपट्टीसमोर उभ्या राहिल्या. "आईंनी नको. आणि मी गेलेलं चाललं असतं?"

तो चष्म्याच्या काडीवरची पट्टी नखाने खरवडत राहिला. मग मी बोलले. इतके दिवस घोळवलेलं वाक्य बाजूलाच राहिलं, पण जे होतं ते सगळं सांगितलं. वरची पेटी, तो डीबगर, त्या तीन कमांड, मावशींचा पाय. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मशीनच्या खोलीची किल्ली मागितली आणि जिन्याने वर निघाल्या. साहेब मागोमाग धावले. हॉस्पिटलने आमच्या लिफ्ट घेतल्या नाहीत. डीबगर काढून आम्ही प्रामाणिकपणे बघायला बसलो, तेव्हा कळलं की वंगण सांडून ते चाक दोरावर घसरत होतं. फेकून दिलेली उत्तरं जपून ठेवली असती तर ते एका दुपारी कळलं असतं. साहेबांना अजूनही वाटतं की चूक एकच झाली, आईला बोलवायला नको होतं.

त्या दिवशी मात्र खाली आम्ही तिघंच उरलो. आई वॉचमनच्या स्टुलावर बसल्या होत्या. तो त्यांच्या पायाशी पायरीवर. मी निघून जायला हवं होतं, पण मला त्याच्याकडे बघायचं होतं. मला वाटलं होतं, बघून बरं वाटेल. काही वाटलं नाही, नुसती किळस, आणि तीही पुरती नाही, कारण आईंचा हात त्याच्या डोक्यावर होता.

"पोरी," आईंनी मला विचारलं, "हा नक्की काय करतो त्या यंत्राला?"

"यंत्राला कळतं, काहीतरी चुकलंय. ते थांबतं. मग हा त्याला सांगतो, काही चुकलं नाही, चल."

"आणि ते ऐकतं?"

"ऐकतं."

आईंनी लिफ्टच्या बंद दाराकडे बघितलं. मग त्याच्या डोक्यावरचा हात त्यांनी काढून घेतला.

"मग मलाही तसंच सांगायचंस ना रे," त्या म्हणाल्या. "मीही ऐकलं असतं. चढले असते."

तो रडायला लागला. आईंनी काठी टेकली आणि रिक्षा बघायला एकट्याच बाहेर गेल्या.